मदत हवी आहे: संसर्गामुळे फुगलेल्या महाधमनीवर कोणती शस्त्रक्रिया करावी?

नमस्कार. गोव्यातील डिचोली तालुक्यातील माझ्या मामांना ताप आणि पाठदुखीसाठी दाखल केले असता, पोटातील महाधमनीला संसर्गामुळे फुगा आल्याचे सीटी अँजिओग्राफीत दिसले आणि रक्ताच्या कल्चरमध्ये मेलिऑइडोसिस या आजाराचा जंतू सापडला. जुना मधुमेह आणि पावसात अनवाणी चिखलणी, तेव्हा मातीतल्या जंतूने गाठले यात नवल नाही. पण तो थेट धमनीच्या भिंतीत जाऊन बसतो, हे आम्हांला नवीनच होते.

सध्या शिरेतून मेरोपेनेम हे प्रतिजैविक चालू आहे. फुगा फुटण्याचा धोका असल्यामुळे शस्त्रक्रिया अटळ आहे. प्रश्न पद्धतीचा आहे: बाधित भाग काढून तिथेच कृत्रिम नळी जोडावी, की संसर्गाची जागा टाळून काखेतल्या धमनीपासून जांघेपर्यंत त्वचेखालून बायपास न्यावा? स्टेंट-ग्राफ्ट (धमनीच्या आतून बसवायची जाळीदार कृत्रिम नळी) सोपा वाटतो, परंतु त्यात बाधित भाग आतच राहतो, म्हणून मन धजत नाही.

कोणाच्या घरी अशी शस्त्रक्रिया झाली असल्यास कोणती पद्धत निवडली आणि नंतर को-ट्रायमोक्साझोल या प्रतिजैविकाच्या गोळ्या किती महिने चालल्या, हे कृपया कळवावे. बांबोळीच्या सरकारी रुग्णालयाव्यतिरिक्त बेळगाव किंवा मणिपाल येथे दुसरे मत घेतलेल्यांचा अनुभवही हवा आहे.