नाशिकमध्ये पंक टिकवायचं असेल तर गिग पबमधून बाहेर काढा

गाळा_नंबर_नऊ
नाशिकमध्ये पंक (वेगवान, रागीट रॉक) आणि हार्डकोर (त्याचाच आणखी जोरकस प्रकार) वाजवणारे बँड कमी होत चाललेत. श्रोते नाहीत असं सगळे म्हणतात, मला ते पटत नाही. आपल्याकडे लाइव्ह वाजवायचं म्हणजे पब नाहीतर रेस्टोबार, आणि तिथे दारातच आधार कार्ड बघतात. महाराष्ट्रात बिअर-वाइनला वयाची अट 21, बाकीच्या दारूला 25. म्हणजे ज्या वयात हे संगीत अंगात भिनतं त्याच वयाची पोरं बाहेर. अकरावीतलं पोरगं यूट्यूबवर हार्डकोर ऐकून गिटार घेतं, पण स्वतःच्या गावात एकही बँड समोर वाजताना बघत नाही. एकविसाचं होईपर्यंत ते हिंजवडीला पोचलेलं असतं. नवीन ड्रमर येणार कुठून?

अमेरिकेतलं ऑलिम्पिया बघा. वॉशिंग्टन राज्याची राजधानी, पण वस्ती पन्नास-पंचावन्न हजार, आपल्या सिन्नरपेक्षाही कमी. सिएटल शंभर किलोमीटरवर. त्या सिएटलने 1985 मध्ये किशोरवयीन मुलांच्या कार्यक्रमांवर असा नियम लावला की आयोजकाने दहा लाख डॉलरचा विमा काढायचा आणि बंदोबस्ताला पोलिस ठेवायचे. छोट्या माणसाला ते अशक्यच. तो नियम जायला 2002 उजाडलं. ऑलिम्पियात मात्र 1982 मध्ये के रेकॉर्ड्स ही छोटी रेकॉर्ड कंपनी सुरू झाली, 1990 मध्ये बिकिनी किल हा पंक बँड उभा राहिला, आणि ऑगस्ट 1991 मध्ये तिथल्या कॅपिटल थिएटरात अशा बँडचं सहा दिवसांचं संमेलन भरलं. पहिली रात्र मुलींच्या बँडची. मोठ्या शहराशेजारचं छोटं गाव हे करू शकतं.

माझा प्रस्ताव असा: महिन्यातून एक गिग (लाइव्ह कार्यक्रम), दारू नाही, वयाची अट नाही, तिकीट 100 रुपये. जागा अंबड एमआयडीसीत, मित्राच्या गाळ्यात. औद्योगिक भागात दिवसा आवाजाची मर्यादा 75 डेसिबल आहे, निवासी भागात 55. रात्री दहाच्या आत सगळं आवरायचं.

साउंडवाला_पंचवटी
मित्रा, हिशेब करून बघ. चाळीस जण आले तर चार हजार जमले. त्यात पीए (श्रोत्यांसाठीचे स्पीकर), मॉनिटर (वाजवणाऱ्यांसाठीचे स्पीकर), ड्रमकिट, टेम्पो आणि दोन पोरांची हजेरी बसवून दाखव. नाही बसत. पबमालक ते पैसे बिअरवर काढतो, म्हणून तुम्हाला फुकट स्टेज मिळतं. त्याला शिव्या घालणं सोपं आहे, पण गेली कित्येक वर्षं या शहरात जे काही थोडंफार वाजलं ते त्याच्या गल्ल्यावर वाजलं.

आणि पत्र्याचा गाळा म्हणजे आवाजाचा खून. स्नेअर ड्रमचा प्रत्येक फटका छपरावरून परत येतो, गायकाचा एक शब्द कळत नाही. भिंतींना गोधड्या, जुने गालिचे लटकवावे लागतील, ड्रमला माइक लावायचा नाही आणि अँप कमी ठेवायचे. हे ऐकणारा गिटारवाला मला अजून भेटलेला नाही. दुसरं, लाउडस्पीकरला लेखी परवानगी दिवसासुद्धा लागते. दहाच्या आत आवरलं म्हणजे सुटलो असं समजू नका.

तिसरी_घंटा
दारू नको या मुद्द्यावर मी पूर्ण बाजूने. पबमध्ये वाजवताना समोर येऊन उभा राहणारा माणूस गाणं ऐकायला आलेला असतो की पिऊन धक्के मारायला, हे स्टेजवरून ओळखता येत नाही. बिकिनी किलची गायिका कॅथलीन हॅना मुलींना पुढे बोलवायची आणि मुलांना मागे सरकायला सांगायची. ते करायला आधी मुली हॉलमध्ये असाव्या लागतात.

पण अंबडचा गाळा? संध्याकाळी सातनंतर तिथून सिटीबस मिळवून दाखवा. माझ्यासारखीला घरून परवानगी मिळते ती "दुपारी, गावात, सहापर्यंत परत" एवढीच. एमआयडीसीतल्या बंद शेडमध्ये रात्री साडेनऊपर्यंत, हे मी घरी सांगूच शकत नाही. वयाची अट काढली आणि जागा अशी निवडली तर दारातली अडचण रस्त्यात आणून ठेवलीत, एवढाच फरक.

न्यूयॉर्कच्या सीबीजीबी क्लबमध्ये ऐंशीच्या दशकात हार्डकोरचे कार्यक्रम रविवारी दुपारी व्हायचे, शाळकरी पोरं यायची. रविवारी दुपारी तीन वाजता, गंगापूर रोड किंवा कॉलेज रोडच्या आसपासचा एखादा छोटा हॉल. महाग पडेल, पण दर महिन्याऐवजी दोन महिन्यांतून एकदा करा.

सातपूर_कॉलनी
वरचं सगळं वाचलं. हिशेब, जागा, बस. गाणी कुठल्या भाषेत, यावर एक अक्षर नाही. नाशिकच्या पंक गिगला मी गेलोय. माझ्यासोबत कंपनीत लाइनवर काम करणारे दोन मित्र होते. सगळे बँड इंग्रजीत ओरडत होते, मधलं बोलणंही इंग्रजीत. मित्र दुसऱ्या गाण्याला बाहेर चहाला गेले ते परत आलेच नाहीत. तुमच्या दारात आधार कार्ड बघत नसतील, पण हीसुद्धा अटच आहे.

वामनदादा कर्डक याच जिल्ह्यातले, सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचे. पीए नाही, स्टेज नाही, गावोगाव जाऊन बाबासाहेबांची गाणी गायली आणि ती गाणी आजही जयंतीला लोकांना तोंडपाठ आहेत. व्यवस्थेला तोंडावर सुनावणारी, कमी साधनांत उभी राहणारी गाणी म्हणजे पंक असेल, तर ते या जिल्ह्यात लंडनच्या आधीपासून आहे. ऑलिम्पियाचं उदाहरण शोधायला इतक्या लांब जावं लागलं याचं वाईट वाटतं.

ब्रॅडफर्डहून
मूळचा नाशिकरोडचा, सध्या यॉर्कशरमध्ये. इथे वन इन ट्वेल्व्ह क्लब आहे. 1981 मध्ये बेरोजगार तरुणांनी सुरू केला. सरकारी तपासणीत निष्कर्ष निघाला होता की बेकारभत्ता घेणाऱ्या बारांपैकी एक जण फसवणूक करतो, तेच नाव त्यांनी छातीवर लावलं. काही वर्षं भाड्याच्या खोल्यांत कार्यक्रम केले, 1988 मध्ये अल्बियन स्ट्रीटवर स्वतःची इमारत उघडली. आजही सभासद चालवतात, निर्णय बैठकीत होतात.

धागाकर्त्याशी माझा मतभेद इथेच आहे. या क्लबात बार आहे! फक्त तो सभासदांचा आहे आणि त्याचे पैसे इमारतीतच राहतात. दारू काढली म्हणजे सीन वाचला असं नाही. किल्ली कोणाकडे आहे ते बघा. मित्राचा गाळा हा मित्राचाच असतो, त्याला उद्या चांगला भाडेकरू मिळाला की तुम्ही रस्त्यावर. आधी शंभर सभासद, महिन्याची वर्गणी, बँकेत खातं, मग जागा.

पुण्यात_आता
मी नाशिकमध्ये वाजवलंय, पोस्टर चिकटवलीत, ड्रमकिट रिक्षात घालून नेलंय. माझं मत कोणाला आवडणार नाही. हे सगळं नेहमी दोन-तीन जणांच्या पाठीवर चालतं. ते नोकरीला गेले, लग्न झालं, की संपतं. संपू द्यावं. आजची पोरं फोनवर बीट लावून मराठीत रॅप करतात, त्यांना ड्रमकिट लागत नाही, गाळा लागत नाही, चौक पुरतो. राग तोच आहे, वाद्य बदललं. ज्याला श्वासच उरला नाही त्याला सभासद वर्गणीने किती दिवस जगवणार?

गाळा_नंबर_नऊ
पुण्यात_आता, अमेरिकेत बर्कलीतलं गिलमन हे पंकचं ठिकाण 1986 च्या 31 डिसेंबरला उघडलं. सुरू करणारे दीड-दोन वर्षांत दमले आणि 1988 मध्ये त्यांनी ते बंद केलं. मग दुसऱ्याच स्वयंसेवकांनी किल्ली घेतली आणि पुन्हा चालू केलं. सुरुवातीपासून दारूबंदी आणि सगळ्या वयांना प्रवेश. पहिले दमले तेव्हा दुसरे तिथेच उभे होते, कारण ते आधीपासूनच तिथे येत-जात होते. आपल्याकडे दुसरी फळी नाही, कारण आपण तिला आत घेतलेलंच नाही. रॅपवाल्यांना मी गिगला बोलवीन, आनंदाने. पण चार माणसांनी एका खोलीत एकत्र वाजवणं ही वेगळी गोष्ट आहे आणि ती मला या शहरात हवी आहे.

तिसरी_घंटा, मान्य. गाळा रद्द. रविवार दुपार, गावातला हॉल. परवानगीचा अर्ज मी करतो. तिकीट 100 च राहील (500 रुपयांपर्यंतच्या तिकिटाला जीएसटी नाही, तेवढं एक बरं आहे).

सातपूर_कॉलनी, मराठी बँड पहिल्या गिगला हवाच. पण प्रत्येक गिगला अमुक मराठी, तमुक इंग्रजी असा कोटा मी ठेवणार नाही. ज्या पोराला पहिलं गाणं इंग्रजीत सुचलं त्याला दारात थांबवायचं नाही.

साउंडवाला_पंचवटी
हॉल घेतलास तर तोटा वाढला, हे लक्षात ठेव. हिशेब मला अजूनही पटलेला नाही. वर्गणीचं ब्रॅडफर्डवाले म्हणतात ते आधी करा, किमान सहा महिन्यांचे पैसे हातात असू द्या. तोवर पबमधली तारीख सोडू नका, दोन्ही चालू ठेवा.

सातपूर_कॉलनी
कोटा नको तर नको. मग आम्ही सातपूरला वेगळा कार्यक्रम करू, समाजमंदिरात, सगळं मराठीत, शाहिरी आणि डफही असेल. तुमच्या गिगच्या दिवशी ठेवणार नाही, तारखा एकमेकांना कळवू. ड्रमकिट मात्र दोघांनी मिळून विकत घेऊ. भाड्यात वर्षभर जेवढे जातील तेवढ्यात जुनं किट येतं. साउंडवाले दादा, तुमच्या ओळखीत कोणी विकत असेल तर सांगा.