पाहुण्याने एकदा ‘नको’ म्हटल्यावर आग्रह करावा का?

प्रश्न : सातारकरीण

माझे धाकटे जावई जर्मन असून मुलीचे आणि त्यांचे बिऱ्हाड श्टुटगार्टला आहे. यंदा गणपतीत ते प्रथमच साताऱ्याला आमच्या घरी आले. नैवेद्याच्या पंगतीत त्यांनी पोटभर जेवून ‘नको’ म्हटले, तरी माझ्या जाऊबाईंनी आणखी दोन मोदक पानात वाढून वर तुपाची धार धरली. पानात अन्न टाकणे त्यांच्याकडेही असभ्य मानतात, म्हणून त्यांनी ते कसेबसे संपवले. पण पान रिकामे दिसताच जाऊबाई मोदकांचे ताट घेऊन पुन्हा हजर झाल्या. रात्री जावयांनी मुलीला अगदी शांतपणे विचारले, “माझा नकार यांना ऐकू येत नाही की मान्य नाही?”

दुसऱ्या बाजूने, पाण्याचा पेला हातात दिला तरी ते दर वेळी आभार मानतात आणि त्यामुळे माझ्या सासूबाईंना वाटते की हा मुलगा अजून आपल्याला परकेच समजतो. दोन्ही बाजूंची माणसे मनाने चांगली आहेत आणि सगळेच आपापल्या परीने सभ्यच वागत आहेत, असे मला वाटते. मग ही अडचण नेमकी कुठे होते आणि कोणाला काय सांगावे?

उत्तर १ : भाषाभ्यासी

ताई, आपण मांडलेला पेच समाजभाषाविज्ञानात, म्हणजे समाजातील भाषेच्या वापराच्या अभ्यासात, बराच चर्चिला गेला आहे. अमेरिकी समाजशास्त्रज्ञ अर्व्हिंग गॉफमन यांनी 1955 मध्ये एका निबंधात असे मांडले की चारचौघांत वावरताना प्रत्येक माणूस स्वतःची एक प्रतिमा जपत असतो आणि समोरच्याचीही जपायला मदत करत असतो. हाच धागा पकडून पेनेलोपी ब्राउन आणि स्टीफन लेव्हिन्सन यांनी इंग्रजी, तमिळ आणि मेक्सिकोतील त्सेल्ताल या तीन भाषांच्या आधारे सभ्यतेचा सिद्धांत रचला, जो 1987 मध्ये स्वतंत्र पुस्तक म्हणून प्रसिद्ध झाला. त्यांच्या मते माणसाला दोन गोष्टी एकाच वेळी हव्या असतात : आपण इतरांना हवेहवेसे वाटावे आणि आपल्यावर कोणी काही लादू नये. आपल्या जाऊबाई पहिली गरज भागवत होत्या आणि आपले जावई दुसरी गरज जपली जाईल या अपेक्षेने बसले होते.

या सिद्धांतावर पुढे आशियातील अभ्यासकांनी जी टीका केली, ती मला आपल्या प्रश्नासाठी अधिक मोलाची वाटते. चिनी अभ्यासक गु युएग्वो यांनी 1990 मध्ये दाखवून दिले की चिनी समाजात आमंत्रण देणे, पाहुण्याने नाही म्हणणे आणि यजमानाने पुन्हा आग्रह धरणे हा सगळा मिळून एकच व्यवहार असतो. त्यात कोणी कोणाच्या स्वातंत्र्यावर घाला घालत आहे असे तिथल्या माणसाला वाटत नाही. आपल्या पंगतीतही पहिला नकार हा नकार नसून संकोच आहे असे धरूनच वाढपी पुढे सरकतो, आणि एका नकारावर थांबणारा यजमान हात आखडता घेतो असे लोक म्हणतात. जर्मनीतल्या जेवणाच्या टेबलावर मात्र पहिला नकार हाच शेवटचा समजला जातो. जावयांना हा हिशेब कोणी आधी सांगितला नव्हता, इतकेच.

उत्तर २ : तेहरानमध्ये राहिलेला

मी कामानिमित्त काही वर्षे इराणमध्ये राहिलो आहे आणि तिथे ही रीत आपल्यापेक्षा कितीतरी पुढे गेलेली आहे. तिला ते ‘तारोफ’ म्हणतात. टॅक्सीतून उतरताना भाडे विचारले की चालक अनेकदा ‘काबेली नदारे’ म्हणतो, म्हणजे आपल्यापुढे याचे काय मोल. दुकानदारही हेच म्हणतो. त्याचे आभार मानून तसेच निघून जाणारा परदेशी माणूस मोठी पंचाईत करून ठेवतो, कारण प्रवाशाने दोनतीनदा विनवून पैसे हातात ठेवणे अपेक्षितच असते. घरी गेल्यावर चहा प्रथम नाकारायचा, यजमानाने पुन्हा विचारायचे आणि मग घ्यायचा, हेही ठरलेलेच.

मला तिथे सर्वांत आवडली ती त्यांनी स्वतःच ठेवलेली पळवाट. एखाद्याला खरोखरच नको असेल किंवा खरोखरच द्यायचे असेल, तर तो ‘तारोफ नाही’ असे स्पष्ट म्हणतो आणि तिथे बहुधा विषय संपतो. आपल्याकडेही हे काम पूर्वी हाताने होत असे : पानावर हात आडवा धरला आणि वाढप्याकडे न पाहता मान हलवली की वाढपी पुढच्या पानाकडे वळत असे. तोंडाने ‘नको, नको’ म्हणत हात मात्र मांडीवरच ठेवणाऱ्याच्या पानात जिलबी पडणारच. जावयांना हा हात शिकवावा, असे मला मनापासून वाटते.

उत्तर ३ : निवृत्त परिचारिका

वरील दोन्ही उत्तरे मला पटली, पण एक गोष्ट त्यांतून सुटली आहे. आग्रहाची ही देवघेव दोन बरोबरीच्या माणसांत गोड वाटते. जिथे एकाचा अधिकार मोठा असतो तिथे तेच दडपण होते. नव्या सुनेला आत्येसासूबाईंनी वाढलेले नाकारता येत नाही, तिने पानावर हात धरला तर ती शिष्ट ठरते. मी रुग्णालयात वर्षानुवर्षे मधुमेहाच्या रुग्णांच्या तक्त्यांवर सणांनंतरची वाढलेली साखर पाहिली आहे. ‘घरच्यांनी फार आग्रह केला, मोडवेना’ हे वाक्य त्यांच्या तोंडून किती वेळा ऐकले असेल, सांगता येणार नाही. अशा वेळी भीड मोडता न येणाऱ्या माणसाकडे पाहून वाढणाऱ्याने स्वतःच थांबणे, हा मला आग्रहाहून मोठा आदर वाटतो. जावई हा तर मानाचा पाहुणा, तरीही त्यांना बोलता आले नाही; मग सुनेचे काय होत असेल?

आभारांबद्दल सांगायचे तर आपल्याकडे नाते जितके जवळचे तितके उपचाराचे शब्द गळून पडतात. आईने पोळी वाढली म्हणून कोणी तिचे आभार मानत नाही आणि मानले तर तिला ते लागते. जर्मन घरांत मात्र नवराबायकोही एकमेकांना मीठ पुढे करताना आभार मानतात, आणि त्यात दुरावा नसून रोजची आस्था असते. सासूबाईंना हे एकदा नातीच्या तोंडून ऐकवा; आपण सांगण्यापेक्षा तिने सांगितलेले त्यांना अधिक पटेल.

सातारकरीण

सर्वांचे म्हणणे मी मुलीला वाचून दाखवले. जावई नाताळच्या सुट्टीत पुन्हा येणार आहेत. पहिल्यांदा थोडेच वाढून घ्यावे, दुसऱ्या वाढीला एक घास घेऊन जाऊबाईंचे मन राखावे आणि तिसऱ्या वेळी पानावर हात आडवा धरावा, असे तिने त्यांना सांगायचे ठरवले आहे. त्या हातानंतर एक कणही वाढायचा नाही, हे जाऊबाईंना सांगण्याचे काम माझ्याकडे आले आहे. परिचारिका ताईंचे सुनेविषयीचे वाक्य वाचताना मला आमची मोठी सून डोळ्यांसमोर आली; तिलाही हा नियम लागू राहील, हे मी घरात सर्वांसमोर सांगणार आहे.