'क्षारता' की 'लवणता'? आणि प्लवकांचे 'वितरण'

प्रश्न : प्लवकांवरच्या, म्हणजे पाण्यात प्रवाहाबरोबर वाहणाऱ्या लहान जीवांवरच्या, एका अहवालाचं मराठी तपासते आहे. त्यात वाक्य आहे, 'खाडीतील प्लवकांचे वितरण क्षारतेवर अवलंबून असते.' 'क्षारता' आणि 'वितरण' दोन्ही टोचतायत. काय करावं?

उत्तर : ताई, टोचतायत ते बरोबरच. 'क्षारता' वाचून बरेच जण आम्लतेच्या उलट गुण समजतात. इथे मोजायचं आहे ते एक किलो पाण्यात विरघळलेलं मीठ. समुद्रात ते साधारण ३५ ग्रॅम असतं, नदीच्या गोड्या पाण्यात अर्ध्या ग्रॅमहूनही कमी. त्याला 'लवणता' म्हणा. 'खारटपणा' नको, तो जिभेचा.

'वितरण' मला जास्त खटकतं, कारण तो शब्द आला की वाटणारा कुणीतरी आलाच. खाडीत कुणी काही वाटत नाही, तिथे निवड होते. प्लवकांमधली समुद्रातली एकपेशीय वनस्पती गोडसर पाण्यात आली की बाहेरचं पाणी पेशीत शिरतं आणि पेशी फुगते. गोड्या पाण्यातली खाऱ्यात गेली की आतलं पाणी बाहेर जाऊन ती आक्रसते. ज्यांना हे सोसतं तेच नदी आणि समुद्र यांच्या मधल्या पट्ट्यात टिकतात. म्हणून 'वितरण' नको, 'आढळ' म्हणा. एक जपा : मधल्या पट्ट्यात, ५ ते ८ ग्रॅमच्या आसपास, जाती सर्वांत कमी असतात हा जर्मन प्राणिशास्त्रज्ञ रेमाने यांचा १९३४चा निष्कर्ष बाल्टिक समुद्राच्या तळाशी राहणाऱ्या प्राण्यांवरून काढलेला आहे. तिथल्याच सूक्ष्म प्लवकांत नेमक्या त्या पट्ट्यात जातींची गर्दी दिसली आहे. अहवालात तो नियम सरसकट लावला असेल तर खूण करून ठेवा.

आणखी एक उत्तर : 'प्लवक' शब्दाबद्दलही लिहितो. जर्मन शास्त्रज्ञ हेन्सेन यांनी १८८७ साली 'प्लँक्टन' हे नाव रूढ केलं ते ग्रीक शब्दावरून, अर्थ 'भटकणारा, वाहवत जाणारा'. आपला 'प्लवक' आला 'प्लु' म्हणजे तरंगणे यावरून, त्यामुळे हे जीव पाण्याच्या पृष्ठभागावरच असतात असा समज होतो. तसं नाही. प्रवाहाविरुद्ध पोहून जाता येत नाही, एवढंच त्यांचं लक्षण. वर-खाली मात्र ते जातात. खाडीत हे फार महत्त्वाचं. गोडं पाणी हलकं, ते वरून समुद्राकडे वाहतं. खारं जड, ते तळाशी आत सरकतं. तांदळाच्या दाण्याहूनही लहान असे काही कोपेपॉड (कोळंबीसारखे कवचधारी प्लवक) भरतीला वर येतात, ओहोटीला तळाकडे उतरतात, आणि आपल्याला मानवणाऱ्या लवणतेच्या पट्ट्यात टिकून राहतात. नुसते तरंगत राहिले असते तर केव्हाच समुद्रात गेले असते.

प्रश्नकर्ती : आभार! मधल्या पाण्याला 'मचूळ' म्हणू का?

उत्तर : शब्द सुंदर आहे, पण तो पिण्याच्या पाण्याच्या चवीचा. अहवालात 'निमखारे' ठेवा, मत्स्यशेतीत तोच रुळलाय. आणि वाक्य असं करा : 'खाडीत कोणते प्लवक कुठे आढळतील, हे बऱ्याच अंशी पाण्याच्या लवणतेवर ठरते.'