बिझबी गाव वाचलं, की नुसतं बदललं?

लष्करवाला:
मागच्या हिवाळ्यात मुलीकडे अमेरिकेत टूसॉनला होतो. तिने ॲरिझोनातलं बिझबी दाखवलं. १८८० मध्ये तांब्यासाठी वसलेलं डोंगरातलं गाव. फेल्प्स डॉज कंपनीने १९७५ मध्ये खाणकाम आवरलं, घरं मातीमोल झाली आणि चित्रकार, हिप्पी येऊन राहिले. आज वस्ती जेमतेम ५,०००, पण गॅलऱ्या किती! ‘लॅव्हेंडर पिट’ म्हटल्यावर मला फुलं आठवली. निघाला प्रचंड खड्डा, आणि लॅव्हेंडर हे कंपनीच्या अधिकाऱ्याचं आडनाव. १९७६ पासून खाणीची सहल असते. टोपी-दिवा देऊन छोट्या गाडीवर आत नेतात, थंडीने दात वाजतात.

मग आपल्या ग्वाल्हेरात का नको? बिरलानगरचा बंद पडलेल्या कापडमिलचा परिसर, शेजारी हजिऱ्याला तानसेनची समाधी, २०२३ पासून युनेस्कोची संगीतनगरी. जुन्या शेड कलावंतांना द्या की!

हजिऱ्याची सून:
काका, घरं स्वस्त झाली म्हणजे कुणाची तरी बसलेली घडी मोडली. माझे सासरे मिलमध्ये होते. काम सुटलं तेव्हा नणंदेचं लग्न ठरलेलं. देणी मिळतील म्हणून कागदांची पिशवी घेऊन वर्षानुवर्षं फिरले. ती पिशवी अजून खुंटीला आहे. त्या शेडमध्ये कुणी कॉफी पीत ‘काय टेक्स्चर आहे भिंतीला’ म्हणालं, तर मला नाही सोसणार.

आणि १२ जुलै १९१७ चं सांगितलं का तुम्हाला तिथे? संपावरचे खाणकामगार आणि त्यांच्या बाजूचे असे सुमारे १,२०० लोक बंदुकीच्या धाकाने गोळा केले, जनावरांच्या रेल्वे वाघिणींत कोंबले आणि न्यू मेक्सिकोच्या वाळवंटात नेऊन सोडले.

लष्करवाला:
सहलीत नाही सांगितलं, खरं आहे. पण २०१७ मध्ये शंभर वर्षं झाली तेव्हा गावकऱ्यांनीच रस्त्यावर तो प्रसंग उभा केला होता. गाव ओस पडलं असतं तर कोण आठवण काढणार होतं? शिवाय सहलीचे वाटाडे म्हणून निवृत्त खाणकामगारच घेतले होते.

तंबोरा:
दोघंही चित्रकारांच्या गावाबद्दल बोलताय. चित्रकाराला स्वस्त खोली आणि उजेड मिळाला की भागतं. गाण्याला गुरू लागतो, आणि ऐकणारा. ग्वाल्हेरचे गायक कृष्णराव शंकर पंडित यांच्या घराण्यात गाणं बापाकडून मुलाकडे आलं, शेड मिळाली म्हणून नाही. मे महिन्यात पत्र्याच्या शेडखाली तंबोरा लावून दाखवा, मग बोलू. डिसेंबरचा तानसेन समारोह, तो गाण्याचा उत्सव, चार-पाच दिवस भरतो. उरलेलं वर्षभर हजिऱ्याला कोण फिरकतं?

लष्करवाला:
पत्र्यावर उपाय असतो हो. ‘कोण फिरकतं’ म्हणून हात बांधून बसायचं का?

बाड्यावरचा:
आधी शेडपर्यंतचा रस्ता करा.

हजिऱ्याची सून:
सासऱ्यांना सगळं वाचून दाखवलं. संगीतनगरीला नुसतं हुं म्हणाले. वाटाड्यांवर मात्र थांबवून पुन्हा वाचायला लावलं. म्हणाले, “साचा (मिलमधला माग) चालवून दाखवायचा झाला तर रोजचे किती देणार, ते विचार.”

लष्करवाला:
बिझबीत किती देतात, ते मी विचारलंच नव्हतं. मुलीला आज फोन करतो.