सालीच्या नावेची ताकद

काहींना वाटतं की झाडाच्या सालीची नाव नदी ओलांडण्यापुरतीच. पण कॅनडात माँट्रियालजवळच्या लाशीनहून सुपीरियर सरोवराकडे पूर्वी जाणाऱ्या फर-व्यापाराच्या (प्राण्यांच्या केसाळ कातड्यांच्या व्यापाराच्या) नावा बघा: लांबी सुमारे 36 फूट, माल जवळपास तीन टन! ही विद्या मूळची तिथल्या अल्गोंक्वियन या मूळनिवासी लोकांची, हे आधी सांगायलाच हवं. बर्च झाडाची साल, सीडरच्या लाकडाच्या बरगड्या, स्प्रूस झाडाच्या मुळांची शिवण आणि सांध्यांवर राळ. फाटली तर दुरुस्तीचं सामान काठावरच्या जंगलातच मिळे. माझ्या मते खरी ताकद हीच. धबधब्यापाशी नाव खांद्यावर, 90-90 पौंडांचे गठ्ठे पाठीवर. 1793मध्ये पॅसिफिक महासागर गाठणारा शोधप्रवासी अलेक्झांडर मॅकेंझीही निघाला सालीच्याच नावेतून, फक्त ती लहान, 25 फुटी होती.