मदत हवी आहे : बहिणीसाठी खासगी ट्रस्ट, विश्वस्त कोण नेमावेत?

बहिणीचं लग्न मार्गशीर्षात आहे. ठाण्यातला वन बीएचके (आईच्या एकटीच्या नावे, कर्ज नाही) आणि 15 लाखांच्या एफडी आईला तिच्यासाठी ट्रस्टमध्ये ठेवायच्यात. सासरकडून काहीही मागणी नाही, त्यामुळे कृपया हुंड्यावर चर्चा नको. बहिणीचा या सगळ्याला होकार आहे.

थेट बक्षीसपत्र सोपं, मुलीला राहतं घर दिलं तर मूळ मुद्रांक शुल्क फक्त 200 रुपये (अधिभार वेगळा). पण बहीण भिडस्त आहे. कुणी मागितलं की सही करून मोकळी! म्हणून ट्रस्ट, म्हणजे सगळं विश्वस्तांच्या ताब्यात राहील, तिच्या एकटीच्या सहीने जाणार नाही.

वकिलांना भेटलो. 1882 च्या ट्रस्ट कायद्यानुसार (इंडियन ट्रस्ट्स अ‍ॅक्ट) घर असल्याने दस्त नोंदणी लागेल, आणि दस्तात वेगळं लिहिलं नसेल तर प्रत्येक कामाला सगळ्या विश्वस्तांनी मिळून सही करायची, एवढं कळलं. आईने कॅलेंडरच्या मागे तीन नावं लिहिलीत: मामा (वय 71), मी (पुण्यात), आणि एक नाव खोडून तिथे प्रश्नचिन्ह. पगारी विश्वस्त परवडणार नाही.

ज्यांनी असा ट्रस्ट केलाय त्यांना विचारतो: तिसरा विश्वस्त नात्याबाहेरचा घ्यावा की बहिणीलाच घ्यावं? मामांनंतर कोण, हे दस्तात कसं लिहिलंत? आणि घर ट्रस्टकडे दिलं तर ती 200 रुपयांची सवलत तुम्हाला मिळाली का?