मदत हवी आहे : जुने गोवे पायी, कुठून सुरुवात करू?

अर्धीवाट : उद्या जुने गोवे पायी बघायचंय. चार तास आहेत. कोणी म्हणतं दोन तासांत होतं, कोणी म्हणतं दिवस जाईल. मला फक्त क्रम सांगा. जरा लवकर, प्लीज.

चिरेबंदी : चार तास सकाळचे की दुपारचे? येताय कुठून? सोबत कोण?

अर्धीवाट : क्रम विचारलाय. पणजीहून कदंबा बसने, दहाला पोचू.

मांडवीकाठ : आधी बॉम जेझूसची बासिलिका, म्हणजे मोठं चर्च. रस्ता ओलांडला की से कॅथेड्रल. त्याचा एक मनोरा 1776 मध्ये पडला, पुन्हा उभारलाच नाही. मग असिसीचं चर्च, सेंट कॅजेटान, व्हाइसरॉयची कमान. खांदे-गुडघे झाकणारे कपडे घाला.

दर्यासारंग : मी नेमकं उलटं सांगेन. आधी मांडवी नदीच्या धक्क्यावर जा आणि कमानीतून आत या. नवे पोर्तुगीज व्हाइसरॉय नदीतून येऊन याच वाटेने शहरात शिरायचे. बसमधून उतरून पाहिलं तर नुसती सुटी सुटी चर्चं दिसतात, शहर दिसत नाही.

मांडवीकाठ : त्यासाठी भर उन्हात आधी धक्क्यापर्यंत चालायचं? शेवटी जा, नदीवर वारा तरी मिळेल.

चिरेबंदी : उद्या शुक्रवार. असिसीच्या कॉन्व्हेंटमधलं पुरातत्त्व खात्याचं संग्रहालय बंद असतं. आणि बॉम जेझूसचा लाल चिरा बघून हरखू नका, त्यावर पूर्वी गिलावा होता. 1950 च्या दशकात काढला. तेव्हापासून दगड पावसात झिजतोय. गिलावा परत करायलाच हवा.

मांडवीकाठ : आता लोकांच्या मनात लाल बासिलिकाच आहे. गिलावा केला तर ओळखू येणार नाही.

चिरेबंदी : ओळख टिकवायला आधी भिंत टिकली पाहिजे!

अर्धीवाट : गिलाव्याचं नंतर बोला ना. सेंट ऑगस्टिनचा मनोरा या क्रमात कुठे बसवू? आईचे गुडघे दुखतात, टेकडी झेपेल का?

चिरेबंदी : हे आधी सांगायचं! चढ पायी नको, रस्ता वरपर्यंत जातो, रिक्षा करा. पण चुकवू नका. 1842 मध्ये तिथल्या चर्चचं छत कोसळलं, आता सुमारे 46 मीटरचा तुटका मनोरा उरलाय. आई सावलीत बसूनही तो बघू शकेल.

नार्वेकरीण : धक्क्यावर जाताच आहात तर फेरीबोटीने समोरच्या दिवाडी बेटावर जा, तिथून दुसरी फेरी नार्व्याला. सप्तकोटेश्वराचं, म्हणजे शंकराचं, मूळ देऊळ दिवाडीवरचं. नार्व्याच्या देवळाचा शिवाजी महाराजांनी 1668 मध्ये जीर्णोद्धार केला. आम्हाला चर्चच्या पायऱ्यांपेक्षा ते जवळचं वाटतं.

मांडवीकाठ : त्यांच्याकडे चारच तास आहेत, ताई.

अर्धीवाट : ठरलं. बॉम जेझूस, से, मग रिक्षाने ऑगस्टिन, आणि शेवटी कमान नि धक्का. दिवाडीची फेरी किती वेळाने सुटते? आई म्हणते, देवळासाठी ती परतीची बस उशिराची घेईल.

नार्वेकरीण : आईंना माझा नमस्कार सांगा. फेऱ्या दिवसभर चालू असतात. नार्व्याची परतीची शेवटची फेरी मात्र उतरतानाच खलाशाला विचारून ठेवा.